पंप सोडायचा नाही

अमेरिकेतल्या श्रूजबरीत मी ज्यांच्या घरी वरची खोली भाड्यानं घेऊन एम.एस. करते, त्या आजी अस्सल अमेरिकन, ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे आजोबा मोटारींच्या शर्यती नुकत्याच सुरू झाल्या तेव्हाचे ड्रायव्हर. लोहाराचा पोरगा, तोंडात माती जाईपर्यंत धुळीच्या ट्रॅकवर गाडी हाणायचा. शेवटच्या शर्यतीत तो पहिला होता. एकच फेरा उरलेला, आणि शेजारी बसलेला मेकॅनिक पब्लिकला टोपी हलवून दाखवण्यात गुंगला. त्या गाडीत पेट्रोल इंजिनापर्यंत जायला शेजारच्यानं सतत हातपंप मारावा लागतो. पंप थांबला, गाडी थांबली. आजोबांनी शर्यत कायमची सोडली आणि गॅरेज काढलं.

घरात जपून ठेवलेली ती गाडी यंदा म्युझियमला जाणार होती. त्याआधी गावच्या परेडमध्ये ती एकदा न थांबता शेवटच्या रेघेपर्यंत न्यायची, एवढाच आजींचा हट्ट. "पंप मारशील?" त्यांनी विचारलं. मी कसली नाही म्हणतेय!

काय सांगू, असली धमाल जन्मात केली नव्हती! ना छप्पर, ना दार. आजी गॉगल चढवून फुल स्पीडमध्ये, म्हणजे ताशी दहा मैल, आणि मी वेड्यासारखी हसत पंप मारतेय. इंजिन इतकं धडधडत होतं की माझे दात वाजत होते.

आणि लायब्ररीपाशी आपली सगळी मराठी मंडळी उभी! "अगं बाई, ही बघ आपली पोरगी!" नुसता हात हलवला असता तर एक हात पुरला असता. पण काका-काकूंना हात हलवायचा? आईनं तंगडी तोडली असती. मी दोन्ही हात जोडले आणि रांगेतल्या एकेकाला नमस्कार करत सुटले.

गाडी खोकली. आजींचा चेहरा पांढराफटक. "पंप!" त्या किंचाळल्या.

मेले! दांडा धरला आणि जीव खाऊन हाणला. दोन आचके, तीन आचके, आणि इंजिन पुन्हा धडधडायला लागलं. पुढच्या वळणावर, दर रविवारी मला जेवायला घालणाऱ्या काकू हाका मारत होत्या. मी मान वर केली नाही.

रेघ ओलांडल्यावर आजींनी इंजिन बंद केलं, स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि रडता रडता हसायला लागल्या. "पोचलो हो, आजोबा."

तेवढ्यात काकू तणतणत आल्या. "गाडीत बसलीस तर ओळख विसरलीस का गं?"

मी घाईनं हात जोडायला गेले. आजींनी झडप घातली आणि माझे दोन्ही हात पुन्हा पंपावर ठेवले.