केसाकेसाचा कोन

अख्ख्या मालवण तालुक्यात शेळीच्या कानाला कोनमापक लावणारा माणूस एकच झाला, आणि तो माझा मावसभाऊ. संगणकावर तो प्राणी घडवायचा. जगात कुठेच नसलेले, पण बघताच मागे सरावंसं वाटणारे. एक शेपूट जरा वर घ्यायला त्याला दोन दिवस लागत. अंगावरचा केस न् केस कुठून निघतो, कुठे वळतो, याचा त्याला ध्यास. जेवायला बोलवावं तर हा आमच्या मांजराच्या मानेवर उलटी फुंकर मारत बसलेला! मांजराने बोचकारलं, तर रक्त पुसायचं सोडून मलाच म्हणतो, "बघलंस? राग इलो की कान आधी मागे जातत, केस मगे उभे रवतत!" मी कपाळाला हात लावला. वीज गेली की अर्धा प्राणी गडप व्हायचा, आणि हा बाबा न चिडता पुन्हा पहिल्या केसापासून सुरू. खरं सांगतो, मला त्याची भीतीच वाटायची.

मुंबईच्या एका स्टुडिओने त्याच्याकडे नमुना मागितला. पसंत पडला तर नोकरी, पण मुंबईत. घरात तो आणि मावशी, दोघंच. कट्टा गावच्या बाजारात मासे विकून तिने त्याला शिकवलेलं. त्याने अस्वलाच्या अंगाचा, पाठीवर माशाचे पर असलेला प्राणी केला. दिसायला देखणा, पण काही केल्या जीव येईना. पाठवायच्या दिवशी दुपारी त्याने बाजारातून आलेल्या मावशीला पडद्यासमोर बसवलं. "आये, कसो दिसता?"

मावशीने पडद्याजवळ हात नेला. मग म्हणाली, "शिळो आसा. हे पर बघ कसे पडलेहत. जितो मासो हातात धरलो की पर उभे करता, टोचता. आणि पराच्या मुळातले केस सपाट कशाक? ते बाजूक सार."

तो एकेक पर उचलत गेला, मुळाशी केस दुभंगत गेला. एका क्षणी मावशीने पडद्याजवळचा हात झटकन मागे घेतला. "हां. आता हात लावूक भय वाटता." मीही बघत होतो, माझ्याही अंगावर काटा आला.

नमुना पसंत पडला. पोरगा गेला. त्या संध्याकाळी मी न राहवून विचारलं, "मावशे, चांगलो आसा म्हणाक काय झाला होता? झील घरी रवलो असतो."

"उभो जन्म बाजारात गेलो," ती म्हणाली, "शिळ्याक ताजो म्हटलंय नाय कधी. आता माझ्याच झिलाक फसवू?"

एवढं बोलून ती एकटीपुरता भात टाकायला आत गेली.