आम्ही मॅनेजर नेमला

आयुष्यात मी एकदाच माणूस नोकरीवर नेमला, आणि तोही एका जागेवर दोन.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचं मिळून एक कलामंदिर असावं, ही कल्पना माझी. एस्टी नवी नवी सुरू झाली होती, त्या काळातली गोष्ट. मी जुन्नरच्या शाळेत मास्तर होतो. पुण्याला शिकून आल्यामुळे गाव सुधारणं हे आपलं कर्तव्य आहे असं मला वाटे. गावाला तसं मुळीच वाटत नसे. बाजारपेठेतल्या एका शेठजींनी मात्र आपली रिकामी वखार द्यायचं कबूल केलं. पिढ्यांमागे मारवाडातून आलेलं घर, पण मराठी माझ्याहून खणखणीत.

"मास्तर, अक्षय्यतृतीयेला मी वखारीत येईन," ते म्हणाले. "आत कारभार बघणारा माणूस बसलेला दिसला तर तुमची कला. नाही दिसला तर माझा कांदा. गाड्या दारातच उभ्या असतील."

"मी आहे की!"

"तुम्ही शाळा सुटल्यानंतरचे. मला दिवसभराचा माणूस दाखवा."

कमिटी तिघांची. शेठजी, मी आणि चाचा. चाचा म्हणजे कागद बनवणाऱ्या जुन्या घराण्यातले वडीलधारे. लग्न असो की जत्रा, त्यांच्याशिवाय गावात मांडव उभा राहत नसे. सेक्रेटरी मी. मला कुणी केलं नव्हतं, मीच झालो होतो. सेक्रेटरीला वखारीमागची खोली लागेल हेही मीच सुचवलं आणि मंजुरीची वाट न बघता तिथे गादी नेऊन टाकली. घरी भावाची पोरं अंगावर नाचत. इथे मी खुशाल लोळत पडून कविता करी.

पुण्याच्या पेपरात जाहिरात दिली. अर्ज आले दोन. नेमके मुलाखतीच्या दिवशी चाचा भाचीच्या लग्नाला संगमनेरला निघाले. "मी येईपर्यंत थांब रे," असं एस्टीच्या खिडकीतून ओरडून गेले. मी थांबलो नाही. मुलाखत कशी घेतात ते पुण्यात राहून आलेल्याला काय शिकवायचं?

पहिले आले ते आंबेगाव तालुक्यातले, घोडेगावचे. लालभडक फेटा, दारातूनच आवाज. एका तमाशा फडाचं मॅनेजरपण करून नुकताच तो फड सोडलेला. मी चष्मा पुसून विचारलं, "कलेविषयी आपला दृष्टिकोन काय?"

"त्यो नंतर बघू. पाऊस आला तर पब्लिक कुठं बसवायचं त्ये आधी सांगा."

मी शेठजींकडे पाहिलं. शेठजींनी छताकडे पाहिलं.

दुसरे पुण्याचे पेटीवादक बुवा. गळ्याशी बंद कोट, बोटं सारखी मांडीवर चाललेली. मी विचारलं, "चार लोकांची मनं सांभाळून काम करण्याचा अनुभव आहे?"

"सासुरवाडीत राहतो," बुवा म्हणाले. "आणखी अनुभव कुठून आणू?"

मला दोघेही आवडले नाहीत, पण पाहुणचारात कमी पडायचं नव्हतं. पुण्याच्या एका जलशात कलावंतांचा मान कसा करतात ते मी पाहिलं होतं. तबकात नारळ, पान आणि सुपारी. मी उभं राहून, शेठजींच्या आणि दोन दुकानदारांच्या देखत, दोघांच्याही हातात सुपारी ठेवली. फडवाल्यांनी ती कपाळाला लावली. किती नम्र माणूस, असं मला वाटलं.

चाचा आले. त्यांना मी ही हकिगत मोठ्या रंगात सांगितली. सुपारीपर्यंत पोचलो आणि ते मटकन खाली बसले.

"कुणाच्या हातात दिलीस?"

"दोघांच्याही. मान करायचा तर सारखा नको?"

"अरे, तू दोघांनाही नेमलंस की रे! आपल्याकडे जत्रेला फड ठरवताना कागद होतो का? चार माणसांसमोर सुपारी दिली, त्यानं घेतली, की ठरलं. आता एकाला नाही म्हणालास तर गावानं सुपारी मोडली अशी बोंब होईल. तुझ्या मंदिरात मग वासुदेवसुद्धा पाय ठेवायचा नाही."

"आणि दोघांना हो म्हटलं तर?"

"पगार कुणाला देशील?"

मी शेठजींकडे वळलो. "तुम्ही तिथेच होता! तुम्ही तरी थांबवायचं!"

"मला काय ठाऊक? मी जन्मात तमाशा पाहिलेला नाही," शेठजी म्हणाले. "मागं नारायणगावला दोन फडांना अशीच सुपारी गेली होती, तेव्हा पुढच्या रांगेत आम्ही..." आणि एकदम त्यांना दुकानाची आठवण झाली.

सुपारी गोडीगुलाबीनं परत आणावी म्हणून मी घोडेगाव गाठलं. फडवाले ओट्यावर बसले होते. मी बराच वेळ हवापाण्याचं बोललो आणि मग हळूच म्हणालो, "ती आपली सुपारी... जरा..."

"खाल्ली की राव! तवाच, येष्टीत. पुण्याच्या पावण्यांनीबी त्यांची खाल्ली. दोघांत अडकित्ता एकच व्हता." ते हसले. "लई गुणी माणूस. मंचर येईस्तवर आमचं समदं ठरलं. तुमी न्हाई काळजी करायची, मास्तर."

त्यानंतर मी फक्त काळजीच केली. कविता एकही झाली नाही.

अक्षय्यतृतीयेला सकाळीच कांद्याच्या गाड्या येऊन दारात लागल्या. बैल सोडलेले नव्हते, गाड्या लगेच आत घ्यायच्या तयारीत होत्या; यावरून शेठजींचा माझ्यावर किती विश्वास होता ते कळावं. एवढ्यात एस्टी स्टँडकडून दोघे आले, एकाच हातगाडीवर दोघांच्या वळकट्या आणि वर पेटी. सरळ आत शिरले. वखारीत एक टेबल आणि दोन खुर्च्या होत्या. दोघे बसले.

शेठजी उंबऱ्यात उभे, मागे चाचा. "मॅनेजर कोण?"

"मी," फडवाले म्हणाले. "पगार माझा."

"आणि आपण?"

"सेक्रेटरी," बुवा म्हणाले. "पगार नको. शिकवण्या करीन. मला फक्त मागची खोली द्या. सासुरवाडीतून सुटलो म्हणजे झालं."

शेठजी सावकाश माझ्याकडे वळले. "मग मास्तर, तुम्ही कोण?"

बाहेर एका बैलानं मान झटकली. मी 'सेक्रेटरी' म्हणालो असतो तर दोघांपैकी एक उठला असता, सुपारी मोडली असती आणि वखार गेली असती. चाचा माझ्याकडे टक लावून बघत होते.

"मी पब्लिक," मी म्हणालो.

शेठजींनी गाडीवानांना हात केला. गाड्या वळल्या. मला हर्षानं भरून यायला हवं होतं. तेवढ्यात मॅनेजर खाकरले.

"पब्लिकनं मागली खोली रिकामी करावी. सेक्रेटरीसाहेबांना पेटी ठिवायचीय."

मी गादी गुंडाळली. ती अंगणातून नेताना एक टोक चाचांनी धरलं होतं.

"मुलाखती कशाही घेतल्या असशील," ते म्हणाले, "पण माणसं कामाची निवडलीस हं. पहिल्याच दिवशी जागा मोकळी करून घेतली."