म्हशीचा कोंडा आणि आमचा पांढरा भात

डॉक्टरांनी माझ्या बायकोच्या, सगुणाच्या, नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथे पडलेला खळगा तसाच राहिला. मग त्यांनी तिला बाकावर पाय सोडून बसवलं आणि गुडघ्याखाली लहानशा रबरी हातोडीने ठोकलं. पाय हलला नाही. माझ्या गुडघ्यावर ठोकलं तेव्हा माझा पाय आपोआप उडाला.

"खाणं काय आहे यांचं?" त्यांनी विचारलं.

मी जरा ताठ बसून सांगितलं, की पथ्य कडक आहे. सूज दिसल्यापासून दूध, डाळ, भाजी, नाचणी सगळं बंद केलं आहे. फक्त गिरणीचा पांढरा तांदूळ, तोही तीनदा धुऊन आणि पेज गाळून.

"कोंडा कुठे जातो?"

"म्हशीला."

"म्हैस कशी आहे?"

"उत्तम आहे. दूध वाढलंय."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी हात धुतले आणि सांगितलं की या रोगाला बेरीबेरी म्हणतात. तांदळाच्या दाण्यावर तांबूस पापुद्रा असतो, त्यात व्हिटॅमिन नावाचं एक तत्त्व असतं. ते पोटात गेलं नाही तर संवेदना नेणाऱ्या शिरा दुबळ्या होतात, पाय बधिर होतात, अंगात पाणी साठतं आणि शेवटी हृदय थकतं. "आणखी थोडे दिवस असं पथ्य चाललं असतं तर तुम्ही यांना इथे आणलं नसतं. आणायला कारण उरलं नसतं."

म्हणजे सगुणाचा आजार मी विकत आणला आणि तो वाढवलाही मीच. ज्यांच्या घरी असं दुखणं येईल त्यांनी आमची गोष्ट वाचावी म्हणून हे लिहितो आहे. माझी चूक त्यातून काढून टाकली तर सांगण्यासारखं फारसं काही उरत नाही.

आमचं गाव पोलादपूरच्या अलीकडे, सावित्रीच्या काठाला. भाताची शेती आमची स्वतःची. तांदूळ तांबडा. घिरटावर, म्हणजे भाताच्या लाकडी जात्यावर भरडायचा, मग उखळात सडायचा, आणि हे काम बायकांचं. मुलीची सोयरीक ठरत होती तेव्हा मुलाकडचे एक गृहस्थ मुंबईहून बोटीने दासगावला उतरून आमच्याकडे आले होते. पानातला भात पाहून ते सहज म्हणाले, "हा आमच्याकडे गड्यांना घालतात." सोयरीक झाली, मुलगी नांदायला गेली, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. महाडला तेलाच्या इंजिनावर चालणारी भाताची गिरणी निघाली होती. मी गाडी भरून भात तिकडे न्यायला लागलो. मोत्यासारखा तांदूळ घरी यायचा. बायकोच्या हाताचे कष्ट वाचावेत म्हणून हे करतो, असं मी गावात सांगत असे. कष्ट वाचले हे खरं, पण कारण ते नव्हतं.

दुखणं पहिल्यांदा कळलं ते चुलीपाशी. चुलीतून उडालेला निखारा सगुणाच्या पावलावर पडला आणि तिला ते समजलंच नाही. कातडी जळल्याचा वास मला आला. ती म्हणाली, पायांना मुंग्या असतात, काही लागत नाय. मी वात म्हटलं आणि तेल चोळायला सांगितलं. पुढे श्रावण लागला. घरात मासळी बंद झाली. पाय सुजले. नदीवरून पाणी आणताना ती दोन-तीन ठिकाणी कळशी टेकवू लागली. मग तिची छाती धडधडायला लागली.

आमच्याकडे माणूस आजारी पडला की पहिलं औषध म्हणजे त्याचं खाणं तोडायचं. मी वाचलेलं आणि ऐकलेलं सगळं एकत्र करून एक पथ्य तयार केलं. डाळीने वात होतो, दुधाने सूज वाढते, पावसातली पालेभाजी बाधते, नाचणी जड. जे उरलं ते पांढरा भात. ती जितकी खंगत गेली तितकं मी पथ्य आवळत गेलो. ती बरी होत नाही याचा अर्थ ती नीट पाळत नाही, असा माझा हिशेब होता.

आणि एके दुपारी तो हिशेब मला खरा वाटला. शेजारच्या चंद्राकाकींच्या मागच्या पडवीत सगुणा बसली होती. हातात नाचणीची भाकरी, वर कुळथाचं पिठलं. ती घाईघाईने खात होती, माणूस खूप दिवसांनी जेवतो तशी. मी भाकरी तिच्या हातातून ओढून घेतली आणि गोठ्याकडे फेकली. काकींच्या दोन्ही सुना तिथे होत्या. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "जिभेसाठी जीव देशील. खादाड बाई."

काकी म्हणाल्या, "धोंडू, भूक लागलीया तिला. भूक काय पाप हाय रे?" मी त्यांनाही सुनावलं, की माझ्या बायकोला विष घालू नका. तेव्हापासून दोन घरांमधलं बोलणं बंद झालं.

नंतर तिला उठता येईना तेव्हा बैलगाडीत गवत पसरून मी तिला महाडला आणलं.

दवाखान्याच्या मागे रोग्यांसाठी दोन खोल्या होत्या. एक तिला मिळाली. जेवण घरच्यांनी करायचं. म्हणजे मी करायचं. डॉक्टरांनी एक औषध सुरू केलं आणि त्याबरोबर गिरणीतला ताजा कोंडा उकळून, गाळून त्याचं पाणी दिवसातून काही वेळा द्यायला सांगितलं. गिरणीवाल्याने विचारलं, म्हैस कितीला घेतली? मी खरं सांगितलं. मग त्याने कोंडा चाळून दिला.

पथ्य काय, असं मी डॉक्टरांना विचारलं. मला वाटलं, मोठी यादी मिळेल.

"पथ्य नाही," ते म्हणाले. "तुमच्या तालुक्यात जे पिकतं ते सगळं थोडं थोडं खाऊ दे. तांदूळ एकदाच सडलेला. रोज काहीतरी हिरवं, रोज काहीतरी डाळीचं. मन झालं तर गोडही. फक्त एकाच गोष्टीवर माणूस जगवायला जाऊ नका."

मला हे औषध फारच ढिलं वाटलं. पण दुसरं काही करायचं नव्हतं म्हणून मी पिशवी घेऊन महाडच्या बाजारात गेलो, आणि तिथे एक गोष्ट कळली. इतकी वर्षं मी बाजार करत होतो, पण काय विकत घेतो ते कधी पाहिलं नव्हतं. मी रंग पाहत होतो. पांढरा तांदूळ, पांढरा गूळ, सोललेली डाळ. जितकं सोललेलं तितकं चांगलं.

दुकानदाराने सवयीने पांढऱ्या तांदळाचं पोतं पुढे केलं. मी तांबडा, एकसडी मागितला. तो आतल्या अंधारातून एक पोतं ओढून आणत म्हणाला, "गड्यांसाठी का?"

मी म्हणालो, "हो."

बायको दवाखान्यामागच्या खोलीत धापा टाकत होती आणि मी दुकानात उभा राहून खोटं बोललो. हेही लिहायला हवं, नाहीतर माणूस एका दिवसात सुधारतो असं तुम्हाला वाटेल.

हा तांदूळ मूठभरच घ्या, असं दुकानदाराने बजावलं. याला किडा लवकर लागतो, पांढरा वर्षभर टिकतो. मी ते डॉक्टरांना सांगितलं. "मग किड्याला विचारा," ते म्हणाले, "तो पांढऱ्याकडे का जात नाही."

ते थट्टेने बोलले असतील, पण मी खरंच विचारलं. खोलीच्या खिडकीत दोन वाट्या ठेवल्या, एकीत पांढरा, दुसरीत तांबडा, आणि दुकानातून आणलेले चार-दोन टोके, म्हणजे तांदळातले किडे, मधोमध सोडले. सगुणा उशीला टेकून बघत होती. कंपाउंडर येऊन बघून गेला. शेजारच्या खोलीतला तापाचा रोगीही आला. टोके तांबड्यात शिरले. एकटा पांढऱ्यावरून फिरून आला, आणि सगुणा म्हणाली, "त्यो मुंबयचा असंल." कित्येक महिन्यांनी मी तिला चेष्टा करताना ऐकलं.

मग मला नादच लागला. बाजारात डोंगराकडून आलेल्या बायका पाट्या घेऊन बसतात. त्यांना मी विचारायला लागलो, ही भाजी कोणती, तुम्ही कशी करता, कोण खातं. आधी त्या हसायच्या. एकीने विचारलं, "घरात बायको नाय का हो?" आहे, आजारी आहे, असं म्हटल्यावर तिने शेवग्याचा पाला वरती जास्त घातला आणि लसूण घालून परतायला सांगितलं. टाकळा पावसाबरोबर संपला होता, पण माठ होता, लाल भोपळा होता, काळे वाल होते. वालांना मोड काढायला मी चंद्राकाकींकडून लहानपणी शिकलो होतो, ते आठवलं. मी कुळीथ चावून पाहिला, डाळीचा दाणा नखाने खरवडून पाहिला, तांदूळ तळहातावर चोळून कोंडा लागतो का ते पाहिलं. दुकानदाराला वाटलं असेल की मी पोलिसांचा माणूस आहे.

सूज उतरली ती आधी चेहऱ्यावरून. मग धाप कमी झाली. पायांना मात्र वेळ लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. हृदय लवकर सावरतं, शिरा हळू सावरतात.

एक कोडं मला सुटत नव्हतं. पांढरा तांदूळ मीही खात होतो. एकाच भांड्यातला. पथ्य सुरू व्हायच्या आधीच तिचे पाय बधिर झाले होते. मग मी धडधाकट का? डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "मला नका विचारू. यांना विचारा."

मी विचारलं. ती कोंड्याचं पाणी पीत होती. तिने वाटी खाली ठेवली.

"तुमी भाताबरोबर आमटी खाता," ती म्हणाली. "वाल खाता. सुकट खाता. आमटी उरायची नाय."

"मग तू कशाशी जेवायचीस?"

"मिठाशी. कधी ताकाचं पाणी." मग वाटी पुन्हा उचलत ती म्हणाली, "पयल्यांदा काय वाटायचं नाय. तांबड्या भाताला चव असती. पांढऱ्याला नव्हती."

इतकी वर्षं मी पानावरून उठून हात धुवायला गेलो आणि मागे भांड्यांत काय राहिलं ते एकदाही पाहिलं नाही. तांबडा तांदूळ होता तोवर तिचं कसंबसं भागत होतं. तो मी काढून घेतला. मग मी पथ्याच्या नावाखाली ताकही काढून घेतलं. आणि तिच्या शरीराने जे मागितलं ते शेजारच्या पडवीत तिला मिळालं, तर ते मी फेकून दिलं.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो. घरात कुणी आजारी पडलं तर खाणं तोडायच्या आधी तो माणूस काय खात होता ते पाहा. कुणी शेवटी जेवत असेल तर त्याच्या पानात पाहा. बाजारात सगळ्यात स्वच्छ दिसणाऱ्या मालाशी जरा थांबा, त्यावरून काय काढून टाकलं आहे ते विचारा. आणि चांगलं जेवण म्हणजे शिक्षा नव्हे. सगुणा बरी झाली ती भोपळ्याचे घारगे, वालाचं बिरडं आणि लोणच्याची फोड खात. मी काहीच तोललं नाही, काहीच मोजलं नाही. आता आम्ही एकत्र जेवतो. पहिले काही दिवस तिला माझ्यासमोर घास गिळवत नव्हता. मीही खाली मान घालून जेवत होतो.

घरी परतलो तेव्हा दसरा होऊन गेला होता. ती काठी घेऊन चालत होती. मला वाटत होतं, बरी झाली, आता विषय संपला. चार दिवस मी चंद्राकाकींच्या दारावरून मान वळवून गेलो. पाचव्या दिवशी सगुणा म्हणाली, "मी काकीकडं चाललीय. तुमी येताय का?"

काकी पडवीत वाल सोलत होत्या, दोन्ही सुना आत चुलीपाशी. सगुणाला पाहून काकींनी सूप बाजूला ठेवलं आणि तिच्या पायांवरून हात फिरवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी बसलो आणि बोलायला सुरुवात केली. व्हिटॅमिन म्हणजे काय ते सांगितलं. तांदळाचा पापुद्रा, कोंडा, शिरा, खिडकीतल्या वाट्या आणि टोके, सगळं. नाचणी आणि कुळीथ यांत तेच तत्त्व असतं, म्हणजे काकी, तुम्ही दिलंत ते औषधच होतं, असंही म्हणालो.

"औषध नव्हतं रे बाबा," काकी म्हणाल्या. "जेवण होतं."

मी पुन्हा डॉक्टरांचं काहीतरी सांगायला लागलो, तेव्हा सगुणाने मला थांबवलं.

"कोंड्याचं राहू द्या," ती म्हणाली. "ते माला कळलं. तुमी माला काय बोलला होता, त्याचं सांगा."

आतल्या सुनांचं भांडी वाजवणं थांबलं. मी इतके दिवस तांदळाची चूक कबूल करत होतो, कारण ती सोपी होती. गिरणीची होती, अज्ञानाची होती, अर्धी त्या मुंबईच्या गृहस्थांची होती. हे वाक्य माझं एकट्याचं होतं.

मी तिच्याकडे पाहून म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तू उपाशी होतीस. मी तुला खादाड म्हणालो. तुझ्या हातातलं अन्न काढून घेतलं, तुझ्या माणसांसमोर. माझं चुकलं, सगुणा. मला माफ कर."