उस्तादांचा वाटा

माझे धाकटे दीर लोकांचे केस कापतात आणि कापता कापता जगाचे प्रश्न सोडवतात. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा त्यांचं दुकान सामायिक होतं. चार खुर्च्या, चार कारागीर, मालक कुणीच नाही. सगळी कमाई एका पत्र्याच्या डब्यात पडायची आणि शनिवारी संध्याकाळी तिचे चार सारखे वाटे व्हायचे.

"वहिनी, इथे कुणी कुणाचा नोकर नाही," भाऊजी छाती फुगवून सांगायचे.

दुकानाचे टॉवेल मात्र मी धुवायचे, फुकट. त्या डब्यात माझाही वाटा असावा, हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

चौघांत वडीलधारे ते उस्ताद. भाऊजींना कात्री धरायला त्यांनीच शिकवलेलं. पुढे त्यांचा हात थरथरायला लागला, आणि गिऱ्हाइकं त्यांची रिकामी खुर्ची सोडून भाऊजींसाठी ताटकळायला लागली. पण वाटा घ्यायला उस्ताद सगळ्यांच्या पुढे! स्वतः डब्यात हात घालायचे, दोनदा मोजायचे आणि एक नाणं कमी भरलं तर दुकान डोक्यावर घ्यायचे. "हक्काचं मागतोय, भीक नाही!"

मग व्हायचं तेच झालं. गळका नळ प्रत्येकाला दुसऱ्याचा वाटायचा. नवे आरसे कुणी आणायचे यावर नुसत्या बैठका. कंटाळून दोघं निघून गेले. भाऊजींनी कर्ज काढून सगळ्यांचे वाटे विकत घेतले, उस्तादांचाही, आणि दोन वर्षांत दुकान नावारूपाला आणलं. पहिल्याच महिन्यात टॉवेल धुण्याचे पैसे माझ्या हातात पडले. खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून मी मालकाच्या पक्षात गेले.

उस्तादांना भाऊजींनी काढलं नाही. पगार पुरेपूर, काम नावाला. ते कोपऱ्यात बसून टॉवेलांच्या घड्या घालायचे. गल्लीभर भाऊजींचं कौतुक झालं, पण त्यांना चैन पडेना.

"उस्ताद पूर्वीसारखे बोलतच नाहीत हो माझ्याशी. नुसतं 'हो' नाहीतर 'बरं'."

"बसवून पगार देताय त्यांना, आणखी काय करायचं माणसानं?" मी फटकारलं.

एका शनिवारी भाऊजींनी माळ्यावरचा जुना डबा काढला, पुसला, त्यात उस्तादांचा पगार घातला आणि डबा त्यांच्यापुढे ठेवला. धुतलेले टॉवेल घेऊन मी शेजारीच उभी होते.

"पूर्वीसारखे तुम्हीच काढून घ्या, उस्ताद."

उस्तादांनी डबा भाऊजींकडे परत सरकवला. "तेव्हा मी माझं घ्यायचो रे. आता हात घातला तर तुझं घेतल्यासारखं होईल. तूच दे."

भाऊजींनी पैसे काढून दिले. उस्तादांनी ते न मोजताच खिशात टाकले.

"अहो, मोजा तरी!" भाऊजींचा आवाज चढला. "एक नाणं मुद्दाम कमी ठेवलंय मी. भांडा ना माझ्याशी!"

उस्ताद हसले, अगदी मायेनं. "मालकाशी कोण भांडतं, बाळा?"

मला भाऊजींची फार दया आली. कमी ठेवलेलं नाणं मुठीत धरून ते उभेच होते. उस्तादांनी माझ्या हातातले टॉवेल घेतले आणि घड्या घालायला बसले.