रेघेखालचा कोळसा

बाउंड्री हा शब्द आमच्या गावात कुणी इंग्रजी समजत नाही. शाळेभोवतीची भिंत बाउंड्री, शेताची हद्द बाउंड्री, मैदानावरची फक्कीची रेघ बाउंड्री आणि चेंडू त्या रेघेपार गेला की मिळणाऱ्या चार धावाही बाउंड्रीच. या सगळ्या बाउंड्र्यांचा आमच्याकडे एकच जाणकार होता, उत्तरेश्वरतात्या.

मोजणीदारांबरोबर साखळी ओढण्यात तात्यांची तीस वर्षं गेली. लोहारा तालुक्यात असा बांध नसेल, ज्यावर त्यांनी शिव्या खाल्ल्या नाहीत. हद्द ज्याच्या विरुद्ध जाई तो शिव्या देई, आणि जिंकणाराही चहा पाजत नसे. निवृत्त झाल्यावर त्यांनी क्रिकेटचं मैदान धरलं. दर जानेवारीत स्पर्धेच्या सकाळी खेळपट्टीपासून चारी बाजूंना साठ पावलं मोजायची, प्रत्येक बाजूला रेघेखाली वीतभर खोल कोळसा पुरायचा आणि मग फक्की मारायची. कोळसा कुजत नाही, रेघ पुसली तरी खूण राहते, ही मोजणीतली जुनी रीत. आम्ही हसायचो. पण चेंडू रेघेजवळ पडला की पंचसुद्धा तात्यांच्या हाताकडे बघत. गेल्या बारा वर्षांत त्यांच्या हाताला कुणी हरकत घेतली नव्हती. त्या हाताचा त्यांना फार अभिमान होता, आणि असावाच.

यंदा अंतिम सामना आमचा आणि भूमच्या संघाचा होता. मी पाहुण्यांच्या मंडपात माईकवर. स्पर्धा भरवणारे अमरसिंह म्हणजे तात्यांचे पहिलीपासूनचे दोस्त. दुपारी ते तात्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "उत्तऱ्या, आज घरी जेवायचं. तुझ्या वहिनीनं, शिवकन्येनं, तुझ्यासाठी शेंगाच्या पोळ्या केल्यात."

तात्या गेले. परत आले तेव्हा सामना सुरू झाला होता. पूर्वेला पाहुण्यांचा मंडप थोडा पुढं आला होता, पण मंडप दरवर्षीच इकडंतिकडं होतो. तात्या तूप लागलेला हात धोतराला पुसत त्याच बाजूला रेघेवर उभे राहिले.

शेवटच्या चेंडूवर जिंकायला आम्हाला तीन धावा हव्या होत्या. आमच्या पोरानं पूर्वेला दणका दिला. चेंडू फक्की ओलांडून गेला आणि क्षेत्ररक्षकानं मंडपाच्या खांबापाशी तो अडवला; तोवर पोरं एकच रन पळाली होती. तात्यांनी हात हलवला, बाउंड्री! मी माईकवर बोंबललो, हलगी वाजायला लागली.

तेवढ्यात भूमचा कॅप्टन गौरीशंकर पळत आला. "तात्या, सकाळी म्या हितं पावलं मोजली तवा साठ भरली. आता बावन्नच भरत्यात."

तात्या भडकले. "म्या मारलेली रेघ हाय ही! खाली कोळसा हाय. उकरून दावतो. न्हाय निघाला, तर पुन्हा या मैदानात पाय ठेवणार न्हाय!"

त्यांनी खुरपं मागवलं. अमरसिंह धावत आले आणि त्यांनी तात्यांचं मनगट धरलं. "उत्तऱ्या, सोड की. उकरायचं काय नडलंय?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "गावाचा सवाल हाय."

तात्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. तो चेहरा मी विसरणार नाही. उकरायच्या आधीच त्यांना सगळं कळलं होतं.

तरी त्यांनी उकरलं. वीतभर, हातभर. काही नाही. मग ते आठ पावलं मागं मंडपात आले, माझ्या पुढ्यातल्या दोन खुर्च्या बाजूला केल्या आणि तिथं उकरलं. कोळसा निघाला. काळे झालेले हात वर धरून ते म्हणाले, "बाउंड्री न्हाय. एकच रन. भूम जिंकलं."

मग सगळं गाव तात्यांवर तुटून पडलं. आपल्याच गावाला बुडवलं, म्हातारा फितूर झाला. रेघ कुणी सरकवली हे एकानंही विचारलं नाही. मीही नाही. मी तर माईक आपटला. आज लाज वाटते.

संध्याकाळी मी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो, तर दारात शिवकन्याबाई उभ्या होत्या, हातात उरलेल्या पोळ्यांचा डबा. त्या रडवेल्या होऊन तात्यांना सांगत होत्या. "भावजी, हे मला म्हणाले, पोटभर वाढ, तासभर तरी उठू देऊ नकू. मला वाटलं, मायेनं म्हणत्यात. म्हणून म्या एकेक पोळी आग्रहानं वाढत ऱ्हायले, आन् तिकडं ह्यांनी..."

तात्या उंबऱ्यावर बसले होते. हात धुतले होते, पण नखांत काळं होतं. म्हणाले, "वहिनी, तीस वर्षं लोकांनी माझ्या खुणा उपटल्या. अंगावर कुत्री सोडली, कुऱ्हाड घिऊन धावले. पण मला जेवाया बसवून कुणी खूण हलवली नव्हती."

बाईंनी डबा पुढं केला. तात्यांनी दोन्ही हातांनी घेतला, क्षणभर मांडीवर ठेवला आणि न उघडता परत दिला.