कोणाचा फोन, कोणाला, किती वेळ

हॅलोबाई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. परगावी बोलायचं तर आधी नंबर नोंदवून घरात वाट बघत बसावं लागे, त्या काळातली ही नोकरी. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी आणि शेजारी चिठ्ठ्यांचं पॅड. ‘हॅलो’ म्हणायची त्यांची एक तऱ्हा होती. पहिलं अक्षर जमिनीवर, दुसरं माळ्यावर. त्यावरून एक्स्चेंजमध्ये हे नाव पडलं, नवऱ्याने ते घरात आणलं, आणि नवरा गेल्यावरही ते जिन्यात, दुकानात, दवाखान्यात तसंच चालू राहिलं.

आता त्यांचं वय चौऱ्याहत्तर. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक अरुंद गॅलरी. जेवायची वेळ आपली, झोपायची वेळ आपली, रेडिओ किती मोठा लावायचा तेही आपणच ठरवायचं. एकुलती एक लेक आणि जावई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत. निघताना दर वेळी जावई चपला घालता घालता म्हणत, “आई, आमच्याकडची मागची खोली रिकामीच आहे हं.”

“राहू द्या रिकामी, हवा खेळती राहते,” हॅलोबाई म्हणत आणि जिन्यातला दिवा लावत. ती मागची खोली त्यांनी पाहिली होती. तिची खिडकी दुसऱ्या इमारतीच्या पाइपांवर उघडत असे.

त्या वर्षी नवा कायदा आला. फोन आणि इंटरनेटच्या कंपन्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाची नोंद दोन वर्षं जपून ठेवायची. कोणता नंबर लावला, कोणतं पान उघडलं, किती वाजता, किती वेळ, फोन त्या वेळी कोणत्या टॉवरजवळ होता. सरकारी खात्याने मागितली की कोर्टाचा कागद न बघता द्यायची. लोकांना बरं वाटावं म्हणून एक कलम जादा घातलं होतं. ज्याच्या नावावर कनेक्शन, त्यालाही ती यादी बघता येईल.

तळमजल्यावरच्या टेलरला या सगळ्याचं काही वाटलं नाही. “आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय, हॅलोबाई? बघू देत की.”

“तुझ्या गिऱ्हाइकांची मापं दुकानाबाहेर पाटीवर लिहितोस का?”

“भलतंच काय! बायका तोंड बघणार नाहीत माझं.”

“मापंच तर आहेत. अंगाला थोडाच हात लावतंय कोणी?”

टेलरने टेप गळ्यातून काढला, पुन्हा गळ्यात घातला आणि मशीन सुरू केलं.

वॉर्ड ऑफिसात हरकती आणि सूचनांसाठी सभा होती, तिला हॅलोबाई गेल्या. तीस-पस्तीस माणसं, हलणाऱ्या खुर्च्या, आणि समोर एक तरुण साहेब. साहेब गोड बोलत होते. “आपण काय बोलता, काय लिहिता, हे कोणीही बघणार नाही. फक्त कोणी, कोणाला, कधी आणि किती वेळ. बस, एवढंच.”

हॅलोबाई उभ्या राहिल्या. “साहेब, मी परगावचे फोन जोडायच्या ट्रंक बोर्डावर होते. आमच्या चिठ्ठीवर एवढंच असायचं. एक उदाहरण देऊ?”

“अवश्य, आजी.”

“पहाटे पाच वाजता एका घरातून डॉक्टरला फोन, तीन मिनिटं. सहा वाजता त्याच घरातून परगावच्या दोन मुलांना, एकेकच मिनिट. काय झालं असेल त्या घरात?”

साहेब नुसते हसले. मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, “गेलं की हो कोणीतरी.”

“बघा. या बाईंनी एक अक्षर ऐकलं नाही.”

खुर्च्या करकरल्या, कोणी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी पेन उघडलं. “मुद्दा चांगला आहे. आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबर सांगा, नोंदवून घेतो.”

“अहो, तेच तर नको म्हणतेय मी!”

सभा हसली. हॅलोबाई मात्र हसल्या नाहीत, कारण गोष्टीचा अर्धा भाग त्यांनी सांगितला नव्हता. चिठ्ठीवरून सगळं कळतं, असं त्या म्हणाल्या होत्या. चिठ्ठीवरून सगळं कळल्यासारखं वाटतं, हे त्यांना जास्त चांगलं ठाऊक होतं.

फार वर्षांपूर्वी गावातले एक गणिताचे मास्तर दर गुरुवारी परगावच्या एकाच नंबरला फोन लावत. संध्याकाळी सात वाजता, नऊ मिनिटं. घरून नाही, पोस्टातून. जोडून देताना पलीकडून बाईचं ‘हॅलो’ तेवढं कानावर येई. तीन महिन्यांच्या चिठ्ठ्या पाहून हॅलोबाईंनी डबा खाताना हसत हसत निकाल दिला, मास्तरांचं दुसरं घर आहे. आठवडाभरात ते मास्तरांच्या बायकोच्या कानावर गेलं आणि ती मुलांना घेऊन माहेरी निघून गेली. नंतर कळलं, तो नंबर मनोरुग्णांच्या इस्पितळाचा होता. मास्तरांची धाकटी बहीण तिथे होती, आणि फोन उचलणारी बाई नर्स होती. चौकशी झाली तेव्हा हॅलोबाई म्हणाल्या, “आम्ही ऐकलं नव्हतं साहेब, चिठ्ठ्याच पाहिल्या होत्या.” बायको परत आली. पण बहिणीची गोष्ट मास्तरांनी जिवापाड झाकली होती, ती गावभर झाली.

हे एक्स्चेंजमधल्या ज्या दोघीतिघींना माहीत होतं, त्यांतली आता एकच उरली होती, शेजारच्या खुर्चीवरची मैना. आवाज बारीक, म्हणून मैना. सभेनंतरच्या आठवड्यात ती हॅलोबाईंकडे आली ती घामाघूम होऊन.

“बसस्टॉपवर उतरले आणि तुझं घर कुठल्या बाजूला तेच कळेना गं. चाळीस वर्षं येतेय मी.”

हॅलोबाईंनी चहा ठेवला. मैनाने कपात साखर घातली, ढवळली, पुन्हा घातली. तिसऱ्यांदा चमचा उचलला तेव्हा हॅलोबाईंनी डबा हळूच बाजूला घेतला.

“बघितलंस ना?” मैना म्हणाली. “एकदा डोकं तपासून घेते. पण फोन तू लाव. माझं कनेक्शन मुलाच्या नावावर आहे, यादीत दवाखाना दिसला की संपलं. मी त्यांना सांगणार आहे. पण माझ्या तोंडाने. तीन तपासण्या करतात म्हणे, त्या तिन्ही झाल्यावर. तोवर तू कोणाला म्हणजे कोणाला सांगायचं नाहीस. तुझ्या लेकीलासुद्धा नाही.”

“बरं गं बाई.”

“बरं काय? मास्तरांच्या वेळी तूच बोलली होतीस.”

हॅलोबाईंनी कप खाली ठेवला. “नाही सांगणार,” त्या म्हणाल्या.

मग फोन सुरू झाले. मेंदूच्या दवाखान्याची वेळ सहजासहजी मिळत नाही. कधी डॉक्टर परगावी, कधी मशीन बंद. दुपारी चष्मा लावून हॅलोबाई फोनवर विस्मरणाबद्दल वाचत, मैनाला काय विचारतील, काय सांगायला हवं.

एका रविवारी चार वाजता लेक आणि जावई न कळवता आले. जावई विमा कंपनीत होते, सगळ्या गोष्टी नीट लावून ठेवणारे. हॅलोबाईंचं कनेक्शन त्यांनीच स्वतःच्या नावावर घेतलं होतं, तुम्हाला कशाला रांगेत उभं राहायचा त्रास, म्हणून. त्याला इतकी वर्षं झाली होती की मैनाला हो म्हणताना ते हॅलोबाईंच्या ध्यानातही आलं नव्हतं. जावयांनी आपला फोन टेबलावर ठेवला आणि त्यावरची यादी बोटाने वर सरकवत नेली.

“आई, महिन्यात अकरा वेळा मेंदूच्या दवाखान्याला फोन. आणि परवा दुपारी ‘विस्मरण’ या पानावर चाळीस मिनिटं.”

“तुम्ही माझं बोलणं ऐकता?”

“छे हो! फक्त यादी पाहिली. आत काय बोललात ते मी थोडंच ऐकलंय?”

हे वाक्य हॅलोबाईंना तोंडपाठ होतं.

लेक जवळ सरकली. “आई, विसरायला होतंय का गं तुला? लपवू नकोस.”

“कालच्या भाजीत मीठ विसरले. बाकी काही नाही.”

“मग फोन कोणासाठी?”

“ओळखीचं आहे एक जण.”

“कोण?”

हॅलोबाई बोलल्या नाहीत. नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. न बोलणंही यादीत जाऊन बसलं.

त्या दिवसापासून हॅलोबाईंचा कशावर विश्वास राहिला नाही. लेकीचा फोन आला की वाटे, ही सहज करतेय की तपासायला? “आज काय वार आहे गं आई, मला कळेचना बघ,” असं ती बोलता बोलता विचारायची, आणि हॅलोबाई वार, तारीख, महिना सगळं घडाघडा सांगून वर म्हणायच्या, “अजून काय विचारायला सांगितलंय त्यांनी?” मग लेक रडकुंडीला यायची. टेबलावरचा फोन आपल्याकडे बघतोय असं वाटून त्यांनी तो एकदा पालथा घातला, एकदा टॉवेलखाली ठेवला. टेलरने नुसतं “आज कुठे निघालात?” म्हटलं तरी त्यांना त्याचं तोंड निरखून बघावंसं वाटे.

मैनाची दुसरी तपासणी बुधवारी होती. फोन बरोबर नेला की टॉवर सांगणार, बाई दवाखान्यात गेल्या. टेबलावर ठेवला आणि कोणी डोकावलं तर? हॅलोबाईंनी आवाज बंद करून तो तांदळाच्या डब्यात खोल खुपसला, झाकण लावलं, आणि दहा वाजता मोकळ्या हाताने निघाल्या. कित्येक दिवसांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं. बसमध्ये मैनाचा हात धरून त्या खिदळत होत्या. दवाखान्यात मैना एकटीच आत गेली. हॅलोबाई काउंटरसमोरच्या बाकावर बसून काउंटरवरच्या बाईशी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिल्या.

दोन वाजता परत आल्या तर घराचं दार सताड उघडं. दुसरी किल्ली जावयांच्या हातात, लेकीचे डोळे लाल, दारात टेलर आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या दोघी.

“सतरा फोन केले आई! सतरा! कुठे होतीस?”

“पाय मोकळे करायला गेले होते.”

“चार तास? आणि फोन कुठे सापडला माहीत आहे? मी भात टाकायला डबा उघडला...”

“तांदळात,” टेलर हळू आवाजात म्हणाला. समोरची एक बाई तोंडावर हात धरून मागे सरली.

“मुद्दाम ठेवला होता मी तिथे,” हॅलोबाई म्हणाल्या. शब्द बाहेर पडले तसे ते कसे ऐकू आले असतील हे त्यांना कळलं. टेलरने नजर खाली घातली. इतकी वर्षं त्यांच्याशी वाद घालणारा माणूस, आज दयेने गप्प बसला.

जावई आवाज चढवत नसत. आजही चढवला नाही. त्यांनी कपाटावरची बॅग काढली, धूळ पुसली. “आई, आता हट्ट नको. आठ दिवसांचे कपडे घेऊ. बाकीचं मी बघतो.”

लेक कपाट उघडून एकेक कपडा काढू लागली. हॅलोबाई तिच्या हातांकडे बघत राहिल्या. मैनासाठी होतं गं, एवढं म्हटलं की बॅग पुन्हा कपाटावर जाणार होती. लेक मैनाच्या सुनेची मैत्रीण. संध्याकाळपर्यंत तिथे कळलं असतं, काळजीने, प्रेमाने, सगळ्या चांगल्या मनाने. हॅलोबाईंनी तोंड उघडलं.

“कपडे परत ठेव,” त्या म्हणाल्या. “उद्या मला त्याच दवाखान्यात न्या. काय तपासायचं ते तपासू देत. नापास झाले तर बॅग मी स्वतः उचलेन. पास झाले तर कनेक्शन माझ्या नावावर, आणि ती किल्ली इकडे.”

दुसऱ्या दिवशी काउंटरवर तीच बाई होती. हॅलोबाईंना पाहून तिचा चेहरा खुलला. “अगंबाई, कालच तर तुम्ही...”

हॅलोबाईंनी तिच्याकडे पाहिलं. बोर्डावर असताना साहेब मागे येऊन उभे राहिले की शेजारणीकडे बघत, तसं. बाईची नजर त्यांच्यामागे उभ्या असलेल्या जावयांवर गेली, लेकीवर गेली.

“...कालच तर तुम्ही फोन केला असता तर डॉक्टर नाहीत असं सांगावं लागलं असतं,” तिने वाक्य वळवलं. “नशीब चांगलं, आज आहेत, आणि एक वेळही रिकामी झालीय. नवीन पेशंट ना? नाव सांगा.”

जावयांच्या कपाळावर एक आठी आली आणि तिथेच राहिली.

आत डॉक्टरांनी पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. शंभरातून सात वजा करत जायला लावलं. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला दिलं, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितली. वीस मिनिटांनी पाच शब्द विचारले, तेव्हा हॅलोबाईंनी ते सुलटे सांगितले, मग उलटे सांगितले. डॉक्टर लेकीला म्हणाले, “यांना घेऊन आलात ते ठीक. पण माझ्या चाव्या मी कुठे ठेवल्या ते यांनाच विचारायला हवं.”

गाडीत बसण्याआधी जावयांनी दुसरी किल्ली सासूच्या हातावर ठेवली. दिलेला शब्द ते पाळत. “उद्याच कनेक्शन बदलून देतो. पण आई, मग ते अकरा फोन?”

“यादीत बघा. लिहिलं असेल.”

त्यांनी गाडी सुरू केली. लेक मागच्या सीटवर आईशेजारी बसली होती. बराच वेळ ती कसलातरी हिशोब लावत असल्यासारखी बोटांशी खेळत राहिली. मग तिने आईच्या हातावर हात ठेवला आणि पुढे ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं, “मैनामावशीसाठी होतं ना गं?”

हॅलोबाईंना विचार करायला वेळच मिळाला नाही. तोंडात आलं ते त्यांनी बोलून टाकलं.

“कोण मैनामावशी?”

हातावरचा हात थांबला. लेक वळून त्यांच्याकडे बघू लागली, डोळे मोठे करून, डॉक्टरांचं सगळं बोलणं विसरल्यासारखी. समोरच्या आरशात जावयांचे डोळेही वर आले होते.

हॅलोबाई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. मैनाची तिसरी तपासणी अजून नऊ दिवसांवर होती.