टॅपेट कव्हरच्या पत्र्यामागे

भट्टीतून निघालेलं दुसरं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचं झाकण, गार झालं म्हणून मी हातात घेतलं, तर आतून खर्र असा आवाज आला. उलटं करून टेबलावर ठोकलं. पांढऱ्या कागदावर चिमूटभर काचेचे मणी पडले. रव्यापेक्षा बारीक.

असंच एक कव्हर आम्ही आदल्या दिवशी दिलं होतं. धुवून तपासल्याची माझी सही होती त्याच्या कार्डावर.

भंडाऱ्याजवळ कारध्याच्या एका छोट्या कोटिंग युनिटमध्ये मी सुपरवायझर आहे. आयटीआय झाल्यापासून हेच काम. गेट, खुर्च्या, सायकलच्या फ्रेम आणि कधीमधी गाड्यांचे पार्ट.

कालचं कव्हर गजभियेंचं. राहायला जवाहरनगरला, क्वार्टर्समध्ये. जुनी कार, पण जीव लावून ठेवलेली. ते आले तेव्हा म्हणाले होते, "मॅडम, इंजिन दर महिन्याले पुसतो, तरी काळंच दिसते. काही असं लावून द्या का फडकं मारलं का साफ."

मी त्यांना पर्याय सांगितले. साधा स्प्रे पेंट पेट्रोलच्या फडक्याने निघून येतो. नुसतं पॉलिश केलं तर ॲल्युमिनियम दोन महिन्यांत काळवंडतं. क्रोम देखणं दिसतं, पण कड सुटली की पापुद्रे निघतात. टॅपेट कव्हरला पावडर कोटिंग बरं. कोरडी पावडर विजेच्या जोरावर पार्टला चिकटवायची आणि भट्टीत भाजायची. ती वितळून एकसंध कातडीसारखी बसते. तेल, डिझेल, साबण, काही बाधत नाही तिला. फक्त सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांना, ती चालत नाही, तिथली उष्णता तिला सोसत नाही.

पण कोटिंगच्या आधी जुना थर काढावा लागतो. त्यासाठी आम्ही ब्लास्टिंग करतो, म्हणजे हवेच्या दाबाने काचेच्या मण्यांचा मारा. चूक तिथे झाली. या कव्हरच्या आतल्या बाजूला रिव्हेट मारलेला एक पत्रा असतो, उडणारं तेल अडवायला. त्या पत्र्यामागे वर्षानुवर्षांचा तेलाचा गाळ होता. मणी त्यात जाऊन रुतले. धुतलं तेव्हा एकही बाहेर आला नाही. भट्टीत गाळ वाळला आणि मणी सुटे झाले. गजभियेंचं कव्हर भट्टीनंतर मी हलवून पाहिलंच नव्हतं. वरून चकाकत होतं, मी सही केली.

कव्हर बसवून गाडी चालू केली की ते मणी इंजिनच्या तेलात पडणार. तेल जिथे जाईल तिथे काच जाणार. बेअरिंगवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याखालच्या मऊ धातूच्या गादीवर ती चरे पाडणार. मग चालत्या गाडीत इंजिन जाम होऊ शकतं. आणि जवाहरनगरसमोरच्या हायवेवर मागून ट्रक येत असतात.

गजभियेंना फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, तेच.

मालक नंदनवार शेठ आत आले. घर विणकरांचं, माग बंद झाले तेव्हा त्यांनी हे युनिट टाकलं. मी कागदावरचे मणी दाखवले. त्यांनी दार लोटून घेतलं.

"कोणाले सांगतलं?"

"कोणाला नाही. फोन उचलत नाहीयेत ते."

"मंग राहू द्या. फिल्टर हाये ना गाडीत? धरून घेईन तो."

"सगळं नाही धरत, शेठ."

"सुनंदाबाई, जुनी गाडी हाये. उद्या बिघडली त लोक मेकॅनिकले बोलतीन. तुम्ही काहून आपल्या अंगावर ओढून घेऊन राहिल्या?"

नोकरी जाईल हे मला स्पष्ट दिसत होतं. घरी दोन मुलं, आणि भंडाऱ्यात या कामाचं दुसरं युनिट नाही. खरं सांगते, दोन-चार मिनिटं शेठ म्हणतात तसंच होईल, असं मी स्वतःला समजावत बसले. मग पर्स उचलली आणि स्कूटी काढली. शेठनी मागून हाक मारली, मी वळले नाही.

वैनगंगेचा पूल, मग गाव, मग हायवे. रस्त्याच्या कडेला एखादी गाडी उभी दिसली की मी स्कूटी हळू करून पाहायचे. जवाहरनगरला पोचले तेव्हा क्वार्टरला कुलूप होतं. शेजारच्या बाई कपडे वाळत घालत होत्या.

"गजभिये त नागपूरले गेले जी. मायले डोळे दाखवाले. अर्धा-पाऊण घंटा झाला असंन."

मी तिथेच पायरीवर बसले. पुन्हा फोन लावला. या वेळी उचलला.

"हा मॅडम, बोला. गाडी चालवताना मी फोन उचलत नाही."

"गाडी चालू आहे का आत्ता?"

"नाही, रस्त्यात मौद्याले चाय प्याले थांबलो. काहून?"

"चालू करू नका. किल्लीला हातही लावू नका."

मग मी सांगितलं. मणी, पत्रा, माझी सही, सगळं.

"मघा तेलाचा दिवा लागला होता," ते हळू आवाजात म्हणाले. "एक डाव लागला न् गेला. मी म्हटलं वायरिंग असंन." मग म्हणाले, "मॅडम, माही माय बसली हाये ना गाडीत."

"त्यांना बसने पुढे पाठवा," मी म्हणाले.

त्यांच्या आई आणि सोबत आलेली बायको बसने पुढे नागपूरला गेल्या. गाडी दोरीने ओढत भंडाऱ्याला आणली. मेकॅनिकने चेंबर, म्हणजे खालची तेलाची टाकी उतरवली. तळाला काळ्या तेलात काच चमकत होती. तेल ओढणारी जाळी निम्मी बुजलेली. दोन बेअरिंगवर बोटाला लागतील असे चरे.

"नागपूर काही गाठत नव्हती ही," मेकॅनिक म्हणाला.

गजभिये बेअरिंग हातात घेऊन त्यावरून अंगठा फिरवत राहिले.

तेवढ्यात शेठ आले. चेंबरमध्ये डोकावले, घाम पुसला आणि म्हणाले, "मले समजलं तसं मीच बाईले पाठवलं तुमच्याकडे. म्हटलं, जाय, पहिले गाडी थांबव."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मीही काही बोलले नाही. मला नोकरी हवी होती. इंजिन खोलून साफ करण्याचं आणि बेअरिंगचं काम युनिटने करून दिलं. नोकरी राहिली.

आता कव्हर आलं की आम्ही आधी रिव्हेट कापून पत्रा काढतो, मगच ब्लास्टिंग. पत्रा काढायला गिऱ्हाईक नाही म्हणालं तर ब्लास्टिंग करत नाही, केमिकल आणि ब्रशने जेवढं निघेल तेवढंच. यात एक दिवस जास्त जातो. लोक विचारतात, एवढं कशाला? मी हा किस्सा सांगते, चूक माझी होती हेही सांगते. ऐकून काही जण पार्ट उचलून नागपूरला घेऊन जातात. जाऊ देते.